कानलुगास, हजर

१

माझं काम तोडण्याचं आहे. लोकांना वाटतं टेलिफोनचं जाळं उभारणारी बाई म्हणजे जोडण्याचं काम करत असेल. जोडतात सगळेच. मी कागदावर जाळं आखते आणि मग ते कुठे कुठे तुटेल हे शोधत बसते. पूल वाहून गेला तर, बोटीचा नांगर केबलमध्ये अडकला तर, वादळाने खांब आडवे केले तर. एवीतेवी तुटणारच आहे, तर आधी माझ्या हाताने तुटू दे.

आमच्या जाळ्यात सहा ठाणी आहेत. टॅक्लोबानचं माझं, मग किनाऱ्याकिनाऱ्याने आणि बेटाबेटांतून बाकीची पाच, आणि शेवटची केबल फिरून पुन्हा टॅक्लोबानला येते. गोफ असतो तसं वर्तुळ. एका बाजूने तुटलं तर बोलणं दुसऱ्या बाजूने उलट फिरून पोचतं, आणि बोलणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंनी तुटलं तर मात्र ते ठाणं गेलं. यात गूढ काही नाही. दोन दारं आहेत, दोन्ही बंद केली तर घरात जाता येत नाही.

कानलुगास हे शेवटचं ठाणं. चारशे वस्तीचं बेट, आणि ठाण्याचा राखणदार माझा सख्खा थोरला भाऊ तेरोय. नोकरी मीच लावून दिलेली. ठाणं म्हणजे धक्क्याला लागून पत्र्याची खोली, समुद्रापासून वीस पावलांवर, आणि दोन्ही केबली त्या एकाच धक्क्यावर चढतात. हे ज्याने आखलं तो निवृत्त होऊन सुखात आहे. त्याची चूक निस्तरायला मी टेकडीवर एक मनोरा मागितला होता. मनोऱ्याखाली सिमेंटची पक्की खोली, स्वतःच्या बॅटऱ्या, बिनतारी वाट. खरं सांगायचं तर मला मनोऱ्यापेक्षा ती खोली हवी होती. वादळात मानोय टेकडीवर बसावा, धक्क्यावर नाही, एवढंच. मानोय म्हणजे दादा. मी त्याला नावाने कधी हाक मारली नाही.

त्या दिवशी तिमाही चाचणी होती. रीत अशी की मी पश्चिमेची केबल टॅक्लोबानच्या खोलीतून काढते, आणि तेवढा वेळ बेटावरच्या माणसाने हजेरीच्या फोनवर न थांबता बोलत राहायचं. हजेरीचा फोन म्हणजे आम्हा ठाणेवाल्यांचा आपापसातला. दिवसरात्र उघडा, एकाने बोललेलं सहाही खोल्यांत ऐकू येतं. बोलण्यात खंड पडला तर माझ्या कानाला कळतो. बाकीचे आकडे मोजतात. मानोयला आकड्यांचा कंटाळा.

"भात झाला," तो सांगत होता. "सुकी मासळी तळली. व्हिनेगर संपलंय. कोंबड्याला मका घातला, तो खात नाही, तुझ्यावर गेलाय. निल्दे, काढलीस का केबल?"

"केव्हाच काढली. तू बोल."

"मग आता काय बोलू? लग्न कर म्हणू?"

"मानोय, चार ठाणी ऐकतायत."

"ऐकू देत की. त्यातलं एखादं तयार होईल."

वीस मिनिटं तो बोलला. खंड पडला नाही. मी 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि तेवढ्यात बागाकायच्या ठाण्यावरून इस्योंगचा माझ्या मोबाइलवर फोन आला. बागाकाय हे कानलुगासच्या पूर्वेचं शेजारी ठाणं. इस्योंग मला मानाय म्हणतो, म्हणजे ताई.

"मानाय निल्दा, ती चाचणी आज घेऊ नका हं," तो म्हणाला. "पूर्वेची केबल मी सकाळी आठलाच काढून ठेवलीय. टोक झिजलं होतं, नवीन बसवतोय. सांगायचं राहून गेलं."

मी घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी होते. माझ्या हातात पश्चिमेच्या केबलचं टोक होतं, इस्योंगच्या हातात पूर्वेचं, आणि फोनमधून मानोय विचारत होता, "निल्दे, झालं का? भात गार होतोय."

२

पहिला संशय माणसावर घ्यावा, दुसरा यंत्रावर. मी इस्योंगला शिव्या घातल्या. त्याने काढलेल्या टोकाचा फोटो पाठवला. मग माझ्या हातातलं टोक मी तपासलं, ते माझंच होतं. कुणी जुनी तिसरी केबल टाकून विसरलं असेल म्हणून तीस वर्षांचे नकाशे काढले. नव्हती. मोबाइलचा मनोरा त्या बेटावर नाही, म्हणून तर हे ठाणं.

दोन दिवसांनी मी तेच पुन्हा केलं, या वेळी मुद्दाम. दोन्ही बाजू उघड्या. मानोयचा आवाज स्वच्छ येत होता, जरा जास्तच स्वच्छ. आमच्याकडे एक यंत्र असतं, ते आवाज तिकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते सांगतं. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर कानलुगासला जाऊन यायला तीन तुकडे लागतात. वाट लांबची असेल तर जास्त. त्या दिवशी यंत्राने चाळीस दाखवले. म्हणजे आवाज कुठूनतरी फार लांबून फिरून येत होता. पुढच्या आठवड्यात बावीस.

वाट कोणतीही असो, ती आखूड होत होती.

मी जे पाहिलं ते लिहिलं. 'दोन्ही केबली काढल्या. सेवा चालू राहिली. कारण अज्ञात.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमचे मुख्य, सर वेन्सी, यांनी तो कागद वाचला आणि पहिली दोन वाक्यं घेतली, तिसरं सोडलं. आठवड्याने मनोऱ्याची मागणी माझ्या टेबलावर परत आली, वर तांबडी रेघ.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते बांगुस माशाचे काटे काढत जेवत होते.

"सर, कानलुगासचा मनोरा का कापला?"

"दोन्ही केबली तोडूनही ठाणं चालतं असं तुम्हीच लिहिलंय, इंजिनियर. मग तिसरी वाट कशाला?"

"ते का चालतं हे मला माहीत नाही."

"माझी बायको माझ्याबरोबर का राहते हे मला तरी कुठे माहीत आहे? राहते, बस." ते हसले. "लोक जाळं तुटलं म्हणून रडत येतात. तुम्ही ते तुटत नाही म्हणून रडताय!"

"सर, वादळानंतर आपण होड्या कशा पाठवतो?"

ते जेवायचे थांबले नाहीत. उत्तर दोघांनाही पाठ होतं. आमच्याकडे वादळ सरलं की आधी हजेरी होते. जे बेट उत्तर देतं त्याला उशिरा मदत, कारण ते जिवंत आहे. जे बेट गप्प, तिथे पहिली होडी. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"हे बेट कधी गप्पच बसणार नाही, सर."

"देव करो आणि सगळीच तशी होवोत," वेन्सी म्हणाले आणि मला केळं देऊ केलं.

३

ऑक्टोबरात मी पंपबोटीने कानलुगासला गेले. मानोय धक्क्यावर उभा, बगलेत कोंबडा.

"आली मोठी इंजिनियर. भावाकडे यायला सहा महिने, केबल बिघडली तर सहा तास."

"बिघडली नाही म्हणून आलेय."

ठाण्याची खोली दहा बाय बारा. एक लोखंडी कपाट, त्यात यंत्रं. डाव्या भिंतीतून एक केबल येते, उजव्या भिंतीतून दुसरी. पंख्याची घरघर, बॅटऱ्यांचा आंबट वास, खिडकीत मानोयची तुबाची, म्हणजे माडीची, बाटली, आणि कोपऱ्यात हजेरीचा काळा फोन, त्याचा भोंगा भिंतीला ठोकलेला. मी कपाट पुढे ओढलं, मागची भिंत हाताने चाचपली, जमिनीची फरशी ठोकून पाहिली. दोनच केबली. दोन्ही मी स्वतः काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

भोंग्यातून इस्योंग म्हणाला, "मानाय, पोचलात का? पाऊस आहे का तिकडे?"

मानोयने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पुढे होऊन मी बटण दाबलं. "पोचले. ऊन आहे."

"बरं, बरं," इस्योंग म्हणाला. यंत्रावर नऊ.

"सुसमार्योसेप," मानोयने हळूच देवाचं नाव घेतलं. मग त्याला हसू आलं. त्याला सगळ्याचंच हसू यायचं. "तुझी कंपनी आता केबलीचेही पैसे वाचवणार."

"मानोय, तुला यात काही विचित्र दिसलं होतं का? आधी?"

तो बाटलीचं बूच फिरवत बसला. "मंगळवारी मी हजेरीला नव्हतो. तुला सांगणार होतो, पण तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं. पलीकडच्या गावात बारसं होतं, सोमवारीच गेलो. खोलीला कुलूप. चावी माझ्या खिशात."

"मंगळवारी तू हजेरी दिलीस."

"नाही दिली."

मला चांगलं आठवत होतं. रोज सकाळी आठला मी एकेका ठाण्याचं नाव घेते आणि ते उत्तर देतं. मानोय उत्तर देऊन वर काहीतरी खोडी काढतोच. मंगळवारी फक्त म्हणाला होता, "कानलुगास, हजर. सगळं ठीक." आवाज त्याचाच. मला वाटलं, रुसलाय.

मी घाबरले. सरळ सांगते, घाबरले. पण माझा स्वभाव असा की भीती वाटली की मी नियम करते. म्हटलं, "ऐक. यापुढे वादळ झालं तर नुसतं 'सगळं ठीक' म्हणू नकोस. सोबत असा शब्द म्हण की जो फोनवर कधी कुणी बोललेलं नाही. तो ऐकला तरच मी समजेन की तू आहेस. नाही ऐकला तर कानलुगास गप्प धरीन आणि पहिली होडी इकडे लावीन."

"कुठला शब्द?"

"लहानपणी मला काय चिडवायचास?"

त्याचे डोळे चमकले. "बुतेते!"

बुतेते म्हणजे तो फुगणारा मासा. माझे गाल तसे होते. आई गेल्यापासून हे नाव घेणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"बुतेते," तो पुन्हा म्हणाला. "बुतेते इंजिनियर! अगं, इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं मी."

"पुरे. ही गोष्ट फोनवर बोलायची नाही. कधीच नाही."

"शपथ," मानोय म्हणाला.

दोघंही हसलो. टेबलावर दोन्ही केबलींची टोकं पडलेली होती. बावीस वर्षांची सवय. केबली काढल्या की ती खोली माझ्या लेखी बहिरी होते, मग तिथे बिनधास्त बोलावं. दहा मिनिटांपूर्वी त्याच खोलीत मी इस्योंगला उत्तर दिलं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कोपऱ्यातल्या काळ्या फोनचा दिवा हिरवा, म्हणजे चालू, होता. तो मी पाहिलासुद्धा.

४

वादळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना नको आहे, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्लोबानच्या माझ्या खोलीत जनित्र चालू होतं आणि खालच्या मजल्यावर गुडघाभर चिखल होता. जाळ्याची उत्तरेकडची बाजू शाबूत होती. कानलुगासच्या दोन्ही केबली मेल्या होत्या, पडद्यावर दोन्हीकडे तांबडं. बेटावरच्या बॅटऱ्या आठ तास चालतात. वादळ चौदा तास चाललं.

आठला मी हजेरी घेतली. बागाकाय हजर, इस्योंगचा आवाज बसलेला. दोन ठाणी गप्प. मग मी म्हटलं, "कानलुगास."

"कानलुगास, हजर," मानोय म्हणाला. "सगळं ठीक, बुतेते."

मी रडले. पहिल्यांदाच त्या खुर्चीत. वेन्सी माझ्या मागे उभे होते, होड्यांची यादी हातात. एकूण होड्या तीन. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कानलुगास शेवटी?"

यंत्र समोरच होतं. त्यावर एक होता. एक. कानलुगासला सरळ रेषेत केबल ओढली तरी एवढ्या थोड्या वेळात आवाज जाऊन येत नाही. तो आकडा जिथला होता ती जागा कानलुगासहून कितीतरी जवळ होती.

आकडा मी पाहिला. कुणी म्हणेल गडबडीत राहिला असेल, तर तसं नाही. पाहिला, आणि मला आवाज हवा होता म्हणून मी आवाज घेतला.

"शेवटी," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशीही तेच. "हजर. सगळं ठीक, बुतेते." मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "सगळं ठीक, बुतेते." मला वाटलं दमला असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याला कोण अडवणार!

५

चौथ्या दिवशी गप्प बेटं उरकली आणि एक होडी मोकळी झाली. मी खोलीला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि पहाटेच निघाले. इमारतीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, वेन्सी उत्तरेला गेले होते. सोबत दोन पोती तांदूळ, पाणी, औषधं आणि मानोयसाठी पान दे साल पावांची पिशवी. त्याला ते ताजेच लागतात.

आठच्या सुमारास कानलुगास दिसलं. धक्का नव्हता. ठाणं नव्हतं. त्या जागी समुद्र होता, चांगला शांत, उन्हात चमकणारा. होडीवाल्याने इंजिन बंद केलं.

लोक टेकडीवर होते, जिथे मनोरा व्हायचा होता तिथेच. फाटक्या पत्र्यांचा आडोसा करून. मास्तरीणबाई ग्लिसेरिया खाली उतरून आल्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला माझी पिशवी लपवावीशी वाटली.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "चार दिवस, निल्दा."

"मानोय?"

त्यांनी वर नेलं. तेरोय चटईवर होता, अंगावर चर्चचा पडदा. ठाण्याचा वासा पायावर पडला होता. तशाच पायाने त्याने दोन पोरं वर आणली. मग जखम चिघळली. औषधाची एक पेटी असती तर, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती, पेटी माझ्याच हातात होती.

"काल संध्याकाळी गेला," ग्लिसेरिया म्हणाल्या. "ताप होता, पण शुद्धीत होता. लोक घाबरले की त्यांना म्हणायचा, रडू नका रे, आपल्या केबली दोन्ही गेल्यात, ठाणं गेलंय, फोन समुद्रात आहे. म्हणजे आपलं बेट गप्प. गप्प बेटाला पहिली होडी. तिकडे माझी बहीण बसलीय, आणि तिच्या हातून चूक होत नाही." त्यांनी पडदा नीट केला. "शेवटपर्यंत हेच म्हणत होता. होडी दुसऱ्या बेटांकडे जाताना आम्ही इथून पाहिली. तरी म्हणाला, वळेल. बुतेते वळवेल."

मी त्याच्या शेजारी बसले. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून हजेरी चुकली, असं तेव्हा मनात येऊन गेलं. अशा वेळी माणसाच्या मनात काय वाट्टेल ते येतं.

६

त्याला तिथेच पुरलं. परत येताना होडी बागाकायला तेल घ्यायला थांबली. इस्योंग धावत आला आणि माझे दोन्ही हात धरून रडला.

"मानाय, कुणी सांगितलं तेव्हा विश्वासच बसेना. सकाळीच तर बोलला तो."

"कोण?"

"मानोय तेरोय. सकाळच्या हजेरीत. तुम्ही कानलुगास म्हणालात, तो हजर म्हणाला."

"इस्योंग, मी सकाळी आठला कानलुगासला होते."

मग त्याने नोंदवही आणून दाखवली. आठ वाजता, टॅक्लोबानने हजेरी घेतली. कानलुगाससमोरही खूण. इस्योंगचं अक्षर गोल आहे, शाळकरी.

"तुमचाच आवाज होता," तो म्हणाला. "मी विचारलंसुद्धा, मानाय, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मग मी काय म्हणाले?"

इस्योंगने वही मिटली.

"सगळं ठीक."

खोलीची चावी माझ्या खिशात होती. मी ती काढून पाहिली आणि परत ठेवली.

आता नवी केबल पडली आहे, मनोराही झाला. खाली सिमेंटची खोली आहे, छान पक्की. वर्षभर भांडून आम्ही होड्यांचा नियमही बदलला. आता आधी उत्तर देणाऱ्या बेटांकडे जातात, मग गप्प बेटांकडे. का, ते नव्या मुलांना मी सांगत नाही. त्यांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय.

इस्योंगला मात्र मी एकदा बाजूला नेलं, ठाण्यापासून लांब, नारळीत, जिथे तार नाही, फोन नाही. तरी त्याच्या कानाशीच बोलले. म्हटलं, पुढच्या वादळानंतर तू टॅक्लोबानची हजेरी घेशील आणि मी म्हणेन, हजर, सगळं ठीक. माझ्याच आवाजात म्हणेन, थट्टाही करीन, तुझ्या मुलीचं नाव घेऊन विचारपूस करीन. तू थांबू नकोस. पहिली होडी माझ्याकडे पाठव.